वरची दोन बटणं

दरवर्षी जूनमध्ये गसच्या सलूनमध्ये बेसबॉलच्या ऑल-स्टार सामन्यासाठी, म्हणजे सगळ्या क्लबांतले सर्वोत्तम खेळाडू निवडण्यासाठी, मतपत्रिकांचा गठ्ठा येतो आणि आमचं गाव लाज सोडतं. एकेक जण मूठभर पत्रिका घेऊन बसतो आणि खिळ्यानं आपल्याच गावच्या पोरांच्या नावापुढे भोकं पाडतो. मी एकच भरतो. जो लायक त्याचं नाव, मग तो शेजारच्या डाल्टन गावचा का असेना. म्हणून सगळे मला चेष्टेनं जज म्हणतात.

या वर्षी निवाड्याची गरजच नव्हती. आमचा पिचर लायल प्रुइट चेंडू टाकायला लागला की भलेभले बॅटवाले हवेत काठी फिरवून परत जायचे. शिवाय तो आमच्याच घरी राहायचा. क्लब गरीब, त्यामुळे गावातली घरं एकेका खेळाडूला ठेवून घेतात. आम्हाला मूलबाळ नाही. माझ्या बायकोनं, व्हर्नानं, त्याला वरची खोली दिली आणि पार लाडावून ठेवलं.

पहिल्यांदा तिच्याच लक्षात आलं.

"एल्डन, हा पोरगा दूध डाव्या हातानं का ओततो?"

"ओतू दे की. सांडत नाही ना?"

"काल सांडलं. नि गुपचूप पुसून टाकलं त्यानं."

मग मीही बघायला लागलो. तो कापून खायचं मांस नको म्हणायचा, सूप मागायचा. मैदानावर चेंडू टाकला की लोकांकडे पाठ करून उभा राहायचा. लोकांना ती ऐट वाटायची. मला त्याचा लोंबणारा उजवा हात दिसायचा.

एका संध्याकाळी ओसरीवर विचारलंच. "कोपर दुखतंय?"

"झोपेत हात अंगाखाली येतो, सर."

"रोज?"

तो हसला. मग हसू मावळलं. "ऑल-स्टारला वरच्या, मोठ्या क्लबची माणसं खेळाडू हेरायला येतात. एकदाच त्यांच्यासमोर टाकायचंय. नाहीतर आहेच बापाबरोबर कोंबड्या सोलणं. कुणाला सांगणार नाही ना? शब्द द्या."

मी मूर्खासारखा शब्द देऊन बसलो.

हातात उरलं फक्त मत. आकडे बघितले तर लायलच लायक. पण त्याला तिथे पाठवणं म्हणजे तो हात कायमचा घालवणं. मी डाल्टनच्या पिचरपुढे भोक पाडलं आणि सलूनमध्ये जाऊन पत्रिका पेटीत टाकणार, तोच गसनं ती हिसकावली.

"जजसाहेब, चष्मा बदला. भोक चुकलंय."

"चुकलेलं नाही."

कात्र्या थांबल्या. आरशातून सगळे माझ्याकडे बघत होते.

"पोरगं तुझ्या घरात जेवतं, आणि तू त्या डाल्टनवाल्याला? का रे बाबा?"

शब्द दिलेला. मी पत्रिका त्याच्या हातून घेतली आणि पेटीत टाकली.

"बरं," गस म्हणाला. "तुझ्या एकाला आमचा अख्खा गठ्ठा." त्यानं पत्रिका वाटायला सुरुवात केली. मला धडा शिकवायला, कधी मत न देणारेही खिळे घेऊन बसले. लायल प्रचंड मतांनी निवडून आला. गावानं फटाके उडवले, आणि मला वाटलं, हे माझ्यामुळे झालं.

सामन्याच्या दिवशी लायल स्वयंपाकघरात आला. सदऱ्याची वरची दोन बटणं उघडी. डाव्या हातानं खटपट चालली होती, उजवा मांडीलगत.

"हात वर जात नाही?"

"टाकताना जातो." तो खाली बघून म्हणाला, "गसनं सांगितलं तुमच्या मताचं. का दिलंत, ते मला कळलं. राग नाही."

"नको जाऊस, पोरा."

व्हर्ना बटणं लावायला पुढे झाली, पण बाहेर क्लबच्या गाडीचा भोंगा वाजला आणि तो तसाच निघून गेला.

आम्ही मैदानावर पोचलो तर त्याची ही नवी फॅशन समजून आमच्या गावच्या निम्म्या लोकांनी वरची दोन बटणं सोडलेली. गसनंसुद्धा, छातीवरचे पांढरे केस दाखवत. तो माझ्याशेजारीच येऊन बसला.

"आता तरी टाळ्या वाजव, जज!"

व्हर्नानं माझं मनगट घट्ट धरलं. लायल मातीच्या उंचवट्यावर चढला, टोपी डाव्या हातानं सारखी केली. ज्याचे चेंडू फटकावले जातात त्या पिचरला लगेच बाहेर काढतात, म्हणजे त्याचा हात वाचला असता. उभ्या जन्मात मी आमच्या पोराविरुद्ध काही मागितलं नव्हतं. त्यानं हात वर न्यायला सुरुवात केली, सगळं गाव ओरडत उठलं, आणि मी डोळे मिटून मागितलं, देवा, समोरच्याच्या बॅटनं त्याचा पहिलाच चेंडू कुंपणापार जाऊ दे.