मास्तरांचा डावा पाय

पोहण्याच्या तलावाच्या पायरीवर आजी केव्हाची नुसतीच बसून होती. वय पंच्याहत्तर, आणि पोहायचा कपडा जन्मात पहिल्यांदा अंगावर.

"आजी, पाणी चावत नाही गं," नात पाण्यातून म्हणाली. ती इथेच पोहायला शिकवायची.

"साठ वर्षं थांबले, अजून दोन मिनिटांनी काय बिघडतंय?"

साठ वर्षांपूर्वी इथे फक्त गोऱ्यांना प्रवेश होता. काळ्यांच्या शाळेतले मास्तर एका सकाळी कुंपण ओलांडून आत गेले आणि डावा पाय घोट्यापर्यंत पाण्यात बुडवून उभे राहिले. पोलिसांनी त्यांना नेलं. त्या एका पायापायी पाणी बाटलं म्हणून अख्खा तलाव उपसला. सुटले की मास्तर पुन्हा हजर. पुन्हा पाय, पुन्हा उपसा. उन्हाळाभर हेच. शेवटी गोऱ्यांनाच पोहायला पाणी मिळेना, तेव्हा कुठे फाटक सगळ्यांना उघडलं. कुंपणाबाहेर मास्तरांचे बूट सांभाळत उभी असायची ती हीच आजी. फाटक उघडलं, पण पाण्यात उतरायचा धीर तिला कधी झाला नाही. आता मास्तर नाहीत, फाटकावर त्यांचं नाव आहे.

आज मात्र आजी उतरली. कठडा घट्ट धरून पाय झाडले, नाकातोंडात पाणी गेलं, लहान पोरीसारखी खिदळली. वर येऊन अंग पुसतेय तोच खळखळ ऐकू आली. वरची पायरी उघडी पडली होती. पलीकडे पोट सुटलेला गोरा पंपवाला चाक फिरवत होता.

आजीचा हात थबकला. ती तडक त्याच्यापाशी गेली.

"का उपसताय?"

"महिन्याचा शेवटचा सोमवार, आजी. तळ घासायचा असतो."

"माझ्यामुळे नाही?"

पंपवाला गोंधळला. मग त्याने हळूच विचारलं, "का? तुम्ही पाण्यात काही केलंत की काय?"

नातीने तोंडावर टॉवेल दाबला. आजी मात्र हसली नाही. भिंतीवर उपशाच्या तारखांचा कागद होता. बोट ठेवून तिने तो वरपासून खालपर्यंत वाचला. सगळे शेवटचे सोमवार. मग तिला हसू आवरेना.

"नाही रे बाबा, नुसतं प्यायले थोडं. सगळं जायला वेळ किती?"

"तीन तास. उद्या सकाळी सातला पुन्हा भरलेला."

"मग बस इथे. फाटकावरचं नाव कोणाचं, ते सांगते तुला." ती बाकावर टेकली. "आणि उद्या सातला पहिला पाय माझा."

"कोणता गं?" नातीने विचारलं.

"विचारतेस काय? डावा!"