काडीवर चिकटलेलं नाव

मी एक चष्मा बोलतोय. बोलण्याआधी तुमच्याकडे जरा निरखून बघितलं, त्याचा राग मानू नका. माणसांच्या डोळ्यांसमोर आयुष्य काढलंय. गोड बोलणारा दिसला की मला आधी त्याच्या मागे कोण उभं आहे ते बघावंसं वाटतं.

जन्मलो तेव्हा असा नव्हतो. एका अरुंद दुकानात, काच घासणाऱ्या यंत्रावर मला आकार मिळाला. पाण्याची बारीक धार, चाकाची घरघर, आणि मग काळ्या चौकटीत दाबून बसवलेल्या दोन जाड काचा. दुकानदाराने मला एका मुलाच्या नाकावर ठेवलं आणि विचारलं, "समोरची पाटी दिसते का?"

"पाटी काय, पाटीवरची माशीसुद्धा दिसतेय," मुलगा म्हणाला.

"माशीला नमस्कार कर आणि चल," त्याचे वडील म्हणाले. "दुकान उघडायचंय."

वडिलांचं दुकान म्हणजे लॉन्ड्री. डाग दिसला की त्यांचे हात शिवशिवायचे. शाई, तेल, चहा, गंज, कशावर काय चोळायचं ते त्यांना ठाऊक. रोज सकाळी कपड्यांना हात लावण्याआधी ते मला साबणाच्या पाण्याने धुवायचे, मऊ कापडाने पुसायचे आणि मुलाच्या हातात द्यायचे. "घे. जग स्वच्छ करून दिलंय."

मुलाला घरात ढब्बू म्हणत. लहानपणी गुटगुटीत होता म्हणून पडलेलं नाव. आता उंच आणि काटकुळा झाला तरी सुटलं नव्हतं. मी नाकावर नसलो की त्याला माणसं म्हणजे नुसते रंगांचे ढीग दिसायचे. एकदा मला न लावता त्याने खुंटीवरच्या कोटाला "या, बसा" म्हटलं होतं, आणि आई दोन दिवस हसत होती.

मग तो दूरच्या कॉलेजात शिकायला गेला. मीही गेलो.

वसतिगृहाच्या दारातच आम्हाला कप्तान भेटला. शेवटच्या वर्षाचा, खेळाच्या संघाचा कप्तान, म्हणून सगळे त्याला तसंच म्हणत. त्याने ढब्बूची बॅग स्वतः उचलली. "काका, काळजी सोडा. इथे सगळे भाऊ आहेत." वडील भारावले. मी नाही. तो हसताना वडिलांकडे बघत नव्हता, शेजारून रेक्टर जात होते त्यांच्याकडे बघत होता.

वडिलांची पाठ वळल्यावर भावांचे नियम कळले. संध्याकाळी नव्यांची 'ओळख' असायची. जुन्यांशी बोलताना मान खाली, नजर स्वतःच्या शर्टाच्या बटणावर. हाक मारली की "हजर, सर". आणि ज्यांना चष्मा आहे त्यांनी तो आधीच काढून द्यायचा.

"मोठ्यांकडे बघायचंच नाही, तर काचा कशाला?" कप्तान म्हणायचा. बाकीचे खिदळायचे.

आम्हा सगळ्या चष्म्यांना एका बिस्किटांच्या डब्यात टाकत. कोण कुणाचा हे कळावं म्हणून आमच्या काडीवर पांढरी चिकटपट्टी लावलेली, आणि तिच्यावर पेनने लिहिलेलं, त्या मुलाला जुन्यांनी दिलेलं नाव. माझ्या काडीवर लिहिलं, 'झुरळ'.

डब्यात माझ्या शेजारी सोनेरी काड्यांचा एक नाजूक चष्मा असायचा. तो ढब्बूच्या खोलीतल्या दोस्ताचा. काडीवर 'पाल'.

"गंमत असेल रे," तो एकदा म्हणाला. "आम्ही नवीन आहोत म्हणून."

"गंमत असती, तर आपल्याला बघू दिलं असतं," मी म्हणालो.

झाकण बंद असायचं. बाहेरून उठाबशांचे आवाज यायचे, मध्येच हशा, मध्येच एखाद्याचं नाक ओढणं. मग झाकण उघडायचं, ढब्बूचे हात मला चाचपून उचलायचे, आणि ते हात थंड असायचे. थोड्या वेळाने घरून फोन आला की तो म्हणायचा, "मस्त. सगळं मस्त आहे."

आईलाही शंका आली होती. फोनच्या पलीकडून ती वडिलांना म्हणताना मी ऐकलं. "याचं 'मस्त' आजकाल फार लवकर येतं हो. माझं विचारून संपतही नाही."

"चांगलंय की," वडील म्हणाले. "तू उगाच खुसपट काढतेस."

असं अर्धं सत्र गेलं. मग एका संध्याकाळी जुन्यांनी नव्या मुलांना गच्चीवर नेलं. डबा खालीच राहिला, आणि डब्यात आम्ही. म्हणून जे झालं ते मी पाहिलेलं नाही, हे प्रामाणिकपणे सांगतो. वरून टाळ्या ऐकू आल्या. कुणीतरी पावलं मोजत होतं. मग टाळ्या एकदम थांबल्या आणि जिन्यावरून बरेच पाय एकाच वेळी खाली पळाले.

त्या दिवशी आम्हाला घ्यायला कोणी आलं नाही.  

मला इस्पितळात नेलं ते कप्तानानेच. एका हातात फळांची पिशवी, दुसऱ्या हातात रुमालात गुंडाळलेला मी. ढब्बू खाटेवर होता. पाय प्लास्टरमध्ये, कमरेला पट्टा, ओठ सुजलेला. डॉक्टर म्हणाले होते की चालेल, पण पूर्वीसारखा चालेल का ते आत्ता सांगता येत नाही.

"जिन्यावर पाय घसरला हो याचा," कप्तान वडिलांना म्हणाला. "हा चष्मा तिथेच सापडला. मी जपून ठेवला."

"देवासारखा धावलास बाबा," वडील म्हणाले.

आई माझ्याकडे बघत राहिली. तिने माझ्या काचा उलटसुलट करून बघितल्या. "एवढा हा जिन्यावरून पडला, हाडं मोडली, आणि चष्म्याला ओरखडासुद्धा नाही?"

"नशीब, काकू," कप्तान म्हणाला आणि ढब्बूचा हात दाबला. "काय रे, घसरलास ना?"

"घसरलो," ढब्बू छताकडे बघत म्हणाला.

नेमकी माझ्यावरची पट्टी तेवढी कप्तानाला दिसली नव्हती. रोज तेच बघून बघून त्याची नजर मेली होती. त्याला ती चष्म्याचाच भाग वाटत असावी.

दुपारी रेक्टर येऊन गेले. फार हळुवार बोलले. "अपघात म्हणून दोन ओळी लिहून द्या, म्हणजे विषय मिटेल. मुलाचं वर्ष वाचेल. उगाच चौकशा लागल्या तर त्यालाच त्रास." वडिलांनी मान डोलावली. लिहून संध्याकाळी देतो म्हणाले.

ते गेल्यावर वडिलांनी मला हातात घेतलं. सवयच त्यांची. काच पुसली, मग दुसरी. आणि त्यांना पट्टी दिसली. चेहरा उतरला. "हे काय? माझ्या पोराच्या चष्म्यावर असलं घाणेरडं?" त्यांनी पिशवीतून छोटी बाटली काढली. डाग काढायचं औषध त्यांच्याजवळ कायम असायचं. कापसाचा बोळा भिजवला. आदल्या दिवशी इस्पितळाने दिलेला ढब्बूचा शर्टही त्यांनी असाच नळाखाली घासून, वाळवून, घडी घालून ठेवला होता. रक्त, चुना, खांद्यावरचे बोटांचे काळे ठसे, सगळं गेलं होतं. इतक्या मायेने कोणी काही पुसून टाकलेलं मी पाहिलेलं नाही.

बोळा माझ्या काडीला लागणार, तेवढ्यात दारातून आवाज आला. "दादा, हात मागे घे."

ती वडिलांची धाकटी बहीण, ढब्बूची आत्या. दुसऱ्या गावी वकिली करायची. थेट प्रवासातून आलेली, केस विस्कटलेले, बॅग अजून खांद्यावर.

"अगं, डाग आहे..."

"तुला सगळं जग डागच वाटतं. ठेव ते खाली." तिने मला रुमालात धरलं, बोटं न लावता. "शर्ट कुठाय?"

"धुतला," वडील म्हणाले.

आत्याने डोळे मिटले. "इस्त्री पण केलीस का?"

"इथे इस्त्री कुठली?"

"नशीब आपलं."

तिने मला खिडकीशी नेलं आणि पट्टीवरचं पुसट अक्षर लावत मोठ्याने वाचलं. "झु... झुरळ?"

खाटेवरून आवाज आला. "हजर, सर."

ढब्बूची मान छातीला टेकली होती. नजर शर्टाच्या बटणावर. दोन्ही हात अंगाला चिकटलेले. कमरेचा पट्टा काचत असूनही तो ताठ व्हायला बघत होता. मग त्याला कळलं की आपण काय बोललो, आणि त्याने तोंड भिंतीकडे फिरवलं.

आईने तोंडावर पदर धरला. वडिलांच्या हातातून बाटली खाली पडली, आणि त्या औषधाचा उग्र वास खोलीभर पसरला.

आत्या स्टूल ओढून त्याच्याजवळ बसली. 'कोणी केलं' असं तिने विचारलंच नाही. "तुला कोणाचं नाव सांगायचं नसेल तर आज नको सांगूस. फक्त एवढं सांग, तू जिन्यावर होतास?"

तो म्हणाला, "कठड्यावर. गच्चीच्या. पाण्याच्या टाकीपर्यंत चालत जायचं होतं." मग म्हणाला, "आत्या, मला कठडा दिसतच नव्हता गं."

वडील बाहेर निघाले. "कुठे?" आत्याने विचारलं.

"'जिन्यावर' म्हणाला ना, त्या कप्तानाच्या नरड्याला हात घालतो."

"घाल. मग आरोपी तू होशील आणि तो साक्षीदार. बस इथे." वडील बसले. "आता ऐका दोघं. कशावरही सही करायची नाही, दोन ओळीही लिहून द्यायच्या नाहीत. आधी डॉक्टरांना सांगायचं की कागदावर 'जिन्यावरून' लिहिलंय ते ढब्बूच्या तोंडून पुन्हा ऐका. मग पोलीस."

"कॉलेजची समिती असते ना?" आई म्हणाली. "रेक्टर म्हणत होते, आधी त्यांच्याकडे जा."

"जाऊ ना. तिथेही लेखी तक्रार देऊ आणि पोचही घेऊ. पण त्यांचं आवरेपर्यंत पोलिसांनी थांबायचं, असं काही नसतं वहिनी. दोन्ही एकाच वेळी चालतं. आणि भरपाईचा दावा वेगळा. तो पोरांवरच करायचा असं नाही. ज्यांनी गच्चीचं कुलूप उघडं ठेवलं आणि डोळे मिटून घेतले, त्यांच्यावरही करता येतो."

"म्हणजे कोर्टाच्या पायऱ्या झिजवायच्या," वडील म्हणाले. "याचं शिक्षण?"

"दुसऱ्या कॉलेजात होईल. सोपं आहे असं मी म्हणतच नाही, दादा. वर्षं जातील. लोक म्हणतील, एवढ्यावरून? तुला नसेल झेपत तर तेही सांग. पण ठरवू दे याला. पाय याचा मोडलाय."

सगळ्यांनी ढब्बूकडे बघितलं. तो अजून भिंतीकडेच तोंड करून होता. "पालीला पण नेणार होते," तो म्हणाला. "माझ्यानंतर तिचा... त्याचा नंबर होता." आपल्या दोस्ताचं खरं नाव त्याला पटकन आठवलं नाही, आणि तेव्हा तो पहिल्यांदा रडला. रडणं थांबल्यावर म्हणाला, "लिहून घे आत्या. मी सांगतो."

पोलीस आले. त्यांच्यावरही मी आधी संशयच घेतला. त्यांनी डबा शोधून काढला. कप्तान म्हणाला, तो कधी पाहिलाच नाही. पण नवी मुलं एकेक करून चौकशीला आली, तेव्हा अजून चौघांच्या काड्यांवर पट्ट्या होत्या. सोनेरी चष्म्याचा मालक आई-वडिलांना घेऊन स्वतःहून आला.

मला पिशवीत घालून मोहोर लावली. मी आता पुरावा आहे. ढब्बूला नवा चष्मा घ्यावा लागला. वडील तो रोज धुतात म्हणे. माझ्या पिशवीवर धूळ बसलीय, आणि तिच्याकडे कोणी बोट नेत नाही.

तुमचं कोणी नव्या जागी शिकायला गेलं असेल, तर माझी एक विनवणी आहे. तो 'घसरलो' म्हणाला की लगेच मान डोलावू नका. कपडे धुऊ नका. काही खरवडू नका. समोरचा कितीही हळुवार बोलला तरी सही करू नका. शेजारी बसा, आणि त्याला हवा तेवढा वेळ गप्प राहू द्या. थट्टेत कोणी मरत नाही असं तुम्हाला सांगतील. त्यांना विचारा, मग थट्टेच्या आधी चष्मे का गोळा करता?

मला उत्तर माहीत नव्हतं. ते परवा कोर्टात मिळालं.

ढब्बू कुबडी टेकत साक्षीदाराच्या पिंजऱ्यात आला. मला टेबलावर ठेवलं होतं. 'हा माझा', एवढं त्याने सांगितलं. कप्तान समोरच्या बाकावर होता. त्याचे वकील उठले. फार सभ्य, फार गोड.

"बाळ, तुझी दृष्टी चष्म्याशिवाय किती आहे, ते डॉक्टरांनी सांगितलंय. त्या संध्याकाळी चष्मा तुझ्या डोळ्यांवर नव्हता, असं तूच म्हणतोस. मग तुझ्यासमोर कोण उभं होतं, ते तुला दिसलं तरी कसं?"

वडिलांनी बाकाची कड घट्ट धरली. आत्या उठली नाही. तिने फक्त ढब्बूकडे बघितलं.

ढब्बूची मान खाली जाऊ लागली होती. बटणापर्यंत गेली. मग त्याने ती उचलली आणि थेट कप्तानाकडे बघितलं.

"दिसलं नाही," तो म्हणाला. "त्यासाठीच तर चष्मा काढून घेत होते. पण ते रोज मला हाक मारायचे, साहेब. आवाजाला चष्मा लागत नाही. त्या दिवशी कठड्याजवळून 'अजून एक पाऊल' म्हणाले, ते यांनीच."

वकील काहीतरी बोलू लागले. न्यायाधीश बाईंनी हाताने थांबवलं आणि त्या लेखनिकाकडे वळल्या.

"साक्षीदाराचं उत्तर जसंच्या तसं लिहा. एक शब्दही गाळू नका."