असले डोळे कोण घेणार?

मी एक जुनी पेशी आहे. जुनी म्हणजे चांगली एकाहत्तर वर्षांची. तुमच्या पुस्तकात पेशीचं चित्र असतं, एक वाटोळी रेघ आणि मधोमध ठिपका. ते पाहून कपाळावर हात मारून घ्यावासा वाटतो, पण मला कपाळही नाही आणि हातही नाही. मित्रांनो, मी षटकोनी आहे. तो ठिपका म्हणजे केंद्रक, माझं काम कसं करायचं ते सगळं त्यात नोंदलेलं असतं. ती रेघ म्हणजे पातळ पटल, कोणाला आत घ्यायचं आणि कोणाला बाहेर ठेवायचं ते तिथे ठरतं. आत तंतुकणिका नावाच्या बारीक भट्ट्या आहेत, त्या अन्नातून ताकद काढून देतात. कांद्यापासून हत्तीपर्यंत सगळे सजीव पेशींचेच बनलेले आहेत, पण प्रत्येकीचं काम निराळं.

माझं काम पाणी उपसण्याचं. डोळ्याच्या अगदी पुढे एक पारदर्शक काच असते, तिला पारपटल म्हणतात. तिच्या आतल्या बाजूला आमचा थर आहे, तोही एकच. काचेत पाणी झिरपत राहतं आणि आम्ही ते बाहेर काढत राहतो. आम्ही थांबलो की काच फुगते, दुधाळ होते. कातडीच्या पेशींचं बरं असतं, जुन्या झडल्या की खालून नव्या तयार. आमच्यात ती सोय नाही. शेजारीण गेली की उरलेल्या आम्ही अंग पसरून तिची जागा भरतो आणि तिच्या वाटचं पाणीही उपसतो.

आमचे मालक घड्याळजी होते. अरुंद दुकानात बसून, डोळ्याला भिंग लावून, चिमट्याने बारीक चाकं बसवायचे. त्याच डोळ्यात मी होते. तेलकट बोटांनी डोळे चोळू नका म्हणून बायको रोज कानीकपाळी ओरडायची, पण ऐकतंय कोण. गिऱ्हाईक म्हणायचं, काय नजर आहे हो तुमची. कौतुक नजरेचं, भिंगाचं, चष्म्याचंसुद्धा व्हायचं. पेशींचं नाव कोणी चुकून घेतलं असेल तर शपथ.

एका दुपारी दुकानातच त्यांचं हृदय थांबलं. हृदयाच्या पेशींनाही मी बोल लावत नाही, त्याही आयुष्यभर राबल्या होत्या. पण मित्रांनो, माणूस गेला म्हणजे त्याच्या सगळ्या पेशी त्याच क्षणी जात नाहीत. आमच्या हातात अजून काही तास होते, फार तर सहा.

ते तास कसे गेले ते ऐका. त्यांना घरी आणून बाहेरच्या खोलीत ठेवलं. माणसं जमली, म्हणून कोणीतरी पंखा पूर्ण वेगात सोडला. पापण्या अर्धवट उघड्या राहिल्या होत्या आणि काच सुकू लागली. कोण कोणत्या गाडीने येणार याचीच चर्चा चालली होती. मग त्यांच्या बायकोने हळूच विषय काढला की ह्यांचे डोळे द्यायचे का. मुलगा रडून रडून थकला होता.

"आई, एवढा जाड चष्मा होता बाबांना," तो म्हणाला. "असले डोळे कोण घेणार? उगाच त्यांचं हसं होईल."

तिने तो विषय तिथेच सोडला. मी मात्र आतल्या आत फुटत होते. अरे, चष्म्याचा नंबर डोळ्याच्या आकारामुळे येतो, त्यात आमचा काय दोष? दोन तास असेच गेले. मला एवढा संताप एकाहत्तर वर्षांत आला नव्हता, आणि खरं सांगायचं तर एवढी भीतीही वाटली नव्हती.

शेजारच्या दुकानातला चष्मेवाला भेटायला आला. बाईंनी धीर करून त्याला तेच विचारलं.

"चष्म्याचा काही संबंध नाही, वहिनी," तो म्हणाला. "पुढची काच स्वच्छ असली की झालं. आधी तो पंखा बंद करा."

मुलगा स्वतः उठला. त्याने पंखा बंद केला, वडिलांच्या पापण्या बोटांनी मिटल्या आणि त्यांवर ओला कापूस ठेवला. चष्मेवाल्याने नेत्रपेढीला, म्हणजे दान केलेले डोळे घेणाऱ्या संस्थेला, फोन केला. तिची माणसं वेळेत आली आणि थोड्याच वेळात काम आटोपून गेली. मुलाने दोनदा वाकून पाहिलं. चेहरा होता तसाच होता.

पुढे थंड बाटली, औषधी द्रव आणि सूक्ष्मदर्शक. तपासणाऱ्या बाईंनी आमची दाटी पाहिली आणि म्हणाल्या, छान आहेत. आमच्या आयुष्यातली ही पहिली शाबासकी.

आता मी एका लिफाफे चिकटवणाऱ्या बाईच्या डोळ्यात आहे. आठ वर्षं तिच्यासमोर नुसतं धुकं होतं. शस्त्रक्रियेनंतरही पहिल्याच दिवशी लख्ख दिसतं असं नाही. काच सुजलेली होती आणि आम्ही कित्येक दिवस पाणी उपसत होतो. तिसऱ्या आठवड्यात एका सकाळी ती मुलीची वेणी घालत होती. इतकी वर्षं ती हाताच्या अंदाजाने घालायची. तिने मुलीची हनुवटी धरून तोंड उजेडाकडे वळवलं.

"हा तीळ कधी आला गं?"

"मी पहिलीत होते तेव्हापासून आहे, आई."

मुलगी आता आठवीत आहे. आईने वेणी अर्धीच सोडली आणि कितीतरी वेळ तिच्याकडे बघत राहिली.

मित्रांनो, आज घरी गेलात की मोठ्या माणसांशी या विषयावर बोला. माणूस गेल्यावर घरच्यांना काही सुचत नाही, आणि आम्हाला थांबता येत नाही.