आकड्याच्या पुढे

बदनापूरच्या बद्रीनाथनं मोटार विकत घ्यायची सोडून घरी जोडायला घेतली, तेव्हा गल्लीनं त्याला वेड्यात काढलं. पुण्याहून लोखंडी सांगाडा, फायबरची बॉडी आणि खोकी भरून सुटे भाग आले. पुढची दोन वर्षं हा बाबा फिटरच्या कामावरून आला की शेडमधल्या बोल्टांत डोकं घालून बसे आणि दुर्गाबाई ताट झाकून वाट बघे. तिला एकच भीती होती, ती तिनं तोंडावर सांगितली होती.

"पुढं बसंन मी. पण चालत्या गाडीचं चाक निघालं तर?"

"माझ्या हातचा नट सुटत न्हाई," तो म्हणायचा, आणि ती नुसती बढाई नव्हती. प्रत्येक नट किती आवळायचा त्याचा आकडा सोबतच्या कागदावर छापलेला होता, आणि त्यासाठी त्यानं खास पाना आणला होता. पान्यावर आकडा लावायचा आणि ओढायचं. ताण बराबर झाला की पाना कट्‌ वाजे. चाकांच्या आकड्याखाली मात्र आणखी एक ओळ होती: थोडी गाडी चालवून नट पुन्हा आवळा.

ही ओळ दसऱ्याच्या आदल्या दिवशी आडवी आली. दसऱ्याला सकाळी सगळी हत्यारं पाटावर पुजायची, मग दुसऱ्या दिवसापर्यंत त्यांना कुणी हात लावायचा नाही. गाडी तर दसऱ्यालाच राजूरच्या गणपतीला न्यायची होती. वाटेत नट आवळणार कशानं?

"आजच जास्त आवळून ठेवतो," बद्रीनाथ म्हणाला आणि त्यानं पंच्याऐंशीचा आकडा एकशेवीसवर नेला.

शेजारचा ट्रॅक्टर मिस्त्री कडूबा बघत बसला होता. "भाऊ, जास्त आवळला की बोल्ट ताणतो. परवा जाय की."

"साऱ्या गल्लीला सांगून राह्यलो, उद्या जातो म्हणून."

पुढच्या डाव्या चाकाला पाना वाजेना. नट घट्ट व्हायचा सोडून मऊ मऊ फिरत राहिला. बोल्ट ताणला गेला, हे बद्रीनाथच्या हाताला तिथंच कळलं. पण चाकाला रंग ताजा होता, नटाखाली रंगच दबला असेल, अशी त्यानं स्वतःची समजूत घातली. शेवटी कट्‌ वाजलं. बाकीचे नट आणि सीटखालचे नटही त्यानं त्याच आकड्यानं आवळले.

सकाळी हत्यारांना हळद-कुंकू वाहिलं, झेंडू घातला. दोन पाने गाडीत टाकावेत म्हणून त्यानं हात पुढं केला, तशी दुर्गाबाई कडाडली, "पुजलेल्या हत्याराला हात लावता?" त्यानं हात मागं घेतला. मग ती नवी साडी सावरत त्याच्या शेजारी बसली. गल्ली बघत होती, आणि तिला नवऱ्याचा अभिमान वाटत होता. मागून कडूबा त्याच्या फटफटीवर निघाला.

गाव सुटलं आणि उताराला डावं चाक निखळून पुढं पळालं. गाडी नालीत उलटली.

बद्रीनाथ खरचटून बाहेर फेकला गेला. माणसं धावली, त्यांनी गाडी सरळ केली, पण दुर्गाबाई सीट आणि पुढच्या लोखंडी नळीच्या मध्ये दाबली गेली होती. सीट मागं सरकवायला खालचे दोन नट सुटायला हवे होते. एक ट्रॅक्टरवाला थांबला, त्याची पेटीही रिकामी होती. दसऱ्यामुळं त्याचीही हत्यारं घरी पाटावर. कडूबानं पाने आणायला फटफटी गावाकडं वळवली.

"दम न्हाई पुरून राह्यला हो," ती म्हणाली. बद्रीनाथ तिचा हात धरून नुसता रस्त्याकडं बघत होता. आयुष्यात त्याला एवढं लाचार कधी वाटलं नव्हतं.

कडूबा पाने घेऊन आला. पान्याला हळद होती, झेंडूची पाकळी चिकटलेली होती. दुर्गाबाईनं ते पाहिलं.

"कशाला उठवलं पूजेतून?" ती पुटपुटली.

बद्रीनाथ नटावर तुटून पडला. नट हलेना. पाना सटकला, बोटं सोलली, त्यानं पुन्हा लावला. दोघांनी मिळून लोंबकळून ओढला तेव्हा पहिला नट करकरला. दुसरा त्याहून चिवट निघाला.

"एवढा कशाला आवळला रे!" कडूबा रडत ओरडला.

बद्रीनाथ ओढतच राहिला. दुसरा नट अखेर सुटला, तशी तो सीट सरकवायला धडपडला. कडूबानं त्याच्या मनगटावर हात ठेवला.

"राहू दे, भाऊ. आता जल्दी न्हाई."