लेफ्ट औटचा घोटा

जी फुटबॉल टीम मोडून आता आठ-नऊ वर्षं झाली, तिच्या लेफ्ट औटच्या घोट्यावरून कल्याणप्पा अजून भांडतो. तेल घ्यायला आलेल्या एखाद्यानं नुसतं "पाय दुखतोय" म्हणायचा अवकाश, की मापटं तसंच हातात धरून अप्पा सुरू होतो. उस्मानाबादच्या पोलीस मैदानावर आता व्हॉलीबॉलची जाळी लागली आहे, पोरांच्या तोंडी क्रिकेट आहे. अप्पाच्या डोक्यात मात्र छप्पन सालचा आश्विन अजून सरायचा आहे. घोटा चांगला होता, मैदान ओलं होतं, म्हणून पाय घसरला, असं तो शपथेवर सांगतो. त्या दिवशी पावसाचा टिपूसही नव्हता हे गावात सगळ्यांना माहीत आहे, पण तेल घेताना कोण वाद घालणार?

निजामाच्या राजवटीनं मागं ठेवलेल्या गोष्टींपैकी फुटबॉल ही एकच अशी होती, जिच्याबद्दल गावात कुणाची तक्रार नव्हती. राजवट गेली, नाणी बदलली, कचेरीतली उर्दू गेली, पण रविवारी उन्हं कलली की पोलीस लाईनीच्या मैदानावर चेंडू पडायचाच. टीम निम्मी शिपायांची, निम्मी गावातल्यांची. कप्तान सत्तारभाई. हे हवालदार मूळचे हैदराबादचे. अंगानं काटक, बोलायला कमी, आणि मैदानात उतरले की माणसाला वाटावं, घाई ही चीज देवानं बाकीच्यांसाठीच केली आहे.

कल्याणप्पानं स्वतः जन्मात चेंडूला पाय लावला नव्हता. देह असा, की बसला की उठायला भिंतीचा आधार लागे. पण करडईचा घाणा त्याच्या घरचा होता, आणि सामन्याच्या सकाळी अख्खी टीम त्याच्या ओसरीवर पाय पसरून बसायची. अप्पा ताजं तेल कोमट करून स्वतःच्या हातानं एकेकाचे पाय चोळायचा. बायकोला, पार्वतम्माला, हे बघवत नसे. तिचं माहेर कलबुर्ग्याकडचं, घरात शिस्त. आमच्याकडं जंगमस्वामींचे पाय धुतात, हे शिपायांचे चोळत बसतात, असं ती शेजारणीला ऐकू जाईल एवढ्या आवाजात म्हणायची, आणि मग सगळ्यांसाठी चहा टाकायची.

चोळता चोळता अप्पानं एक शास्त्र तयार केलं होतं. ज्या पायात तेल लवकर जिरतं तो पाय चालतोय, त्याला खेळवा. ज्याच्यावर तेल तसंच चकाकत राहतं तो रुसलेला, त्याला बसवा. कोण फॉर्मात आहे, कोण उतरलाय, सेंटर फॉरवर्डला लग्न का मानवलं नाही, फुलबॅक सासुरवाडीला जाऊन आला की दोन रविवार का वाया जातात, हे सगळं तो तेलावरून सांगे. सत्तारभाई मन लावून ऐकायचे, मान डोलवायचे, आणि टीम आपल्या मनासारखी काढायचे. अप्पाला याचा कधी राग आला नाही. आपलं ऐकून घेणारा माणूस मिळणं हेच त्याला पुष्कळ होतं.

त्याचा खरा जीव होता तो टीमच्या डाव्या बाजूत. लेफ्ट औट गोरोबा, तेरचा कुंभार. लहानपणापासून माती तुडवून पाय असे तयार झालेले, की अनवाणी पायाला चेंडू नुसता चिकटायचा. त्याच्या आतल्या अंगाला लेफ्ट इन सत्तारभाई. सत्तारभाईंच्या पायात चेंडू आला की ते उजवीकडं बघायचे, सगळं लातूर, सगळं सोलापूर उजवीकडं धावायचं, आणि चेंडू हळूच डाव्या रेषेला जायचा. गोरोबा तिथं असायचाच. त्यानं कधी हाक मारली नाही, त्यांनी कधी मान वळवली नाही. ते एवढं बघायला मिळावं म्हणून अप्पा आठवडाभर तेल काढत होता, असं म्हटलं तरी चालेल.

त्या वर्षी दसरा झाला आणि दोन वाईट बातम्या बरोबरच आल्या. लातूरशी कपाचा सामना तोंडावर असताना सरावात गोरोबाचा उजवा घोटा मुरगळला. आणि हैदराबाद राज्याची फोड होऊन आपला मुलूख मुंबईकडं चालला, तेव्हा सत्तारभाईंनी बदलीला हैदराबाद मागून घेतलं. म्हातारी आई तिकडं होती, त्यांचं काही चुकलं नव्हतं. पण लातूरचा सामना हा त्यांचा इथला शेवटचा, हे ठरून गेलं. पहिली बातमी अप्पानं गावभर केली. दुसरी तो कुणापाशी बोलला नाही.

सत्तारभाईंनी गोरोबाला बसवून शाळेतल्या ड्रिल मास्तरला, वीरभद्रला, घ्यायचं ठरवलं. वीरभद्रचे बूट लखलखीत असत आणि तो पट्टीनं आखल्यासारखा सरळ पळे. वळायचं त्याला कुणी शिकवलं नव्हतं. अप्पा हट्टाला पेटला. त्यानं ओसरीवर सगळ्यांदेखत गोरोबाच्या घोट्यावर तेल ओतलं आणि बघा कसं जिरतंय म्हणून दाखवलं. खरंच जिरत होतं. सत्तारभाईंनी अंगठ्यानं घोटा दाबला. गोरोबाच्या डोळ्यांत पाणी आलं, पण तो म्हणाला, "न्हाय दुखत." सत्तारभाई रागावले नाहीत. उपाशी पोर जेवलो म्हणून सांगतं तेव्हा आई जशी बघते, तसे नुसते बघत राहिले.

मग ते अप्पाला म्हणाले, "जाव अप्पा, भवानी माँ कू पूछ को आव. वो हौ बोले तो खिलाता मैं."

यात थट्टा नव्हती. टीममध्ये काही अडलं की अप्पानं तुळजापूरला जाऊन यायचं, ही रीतच पडली होती. भवानीच्या देवळात चिंतामणी म्हणून एक गोल दगड आहे. त्यावर दोन्ही तळहात टेकवून प्रश्न मनात धरायचा. दगड उजवीकडं फिरला तर होकार, डावीकडं फिरला तर नकार, हललाच नाही तर थांबा म्हणून समजायचं. एका खेपेला एकच प्रश्न, ही अप्पाच्या घरची शिस्त.

दुसऱ्या दिवशी अप्पा एस्टीनं गेला. वाटभर त्यानं प्रश्न घोकला: गोरोबाला खेळवावं का. पायऱ्या उतरून, देवीपुढं डोकं टेकून तो दगडापाशी आला, डोळे मिटले, हात ठेवले. मिटल्या डोळ्यांपुढं मैदान आलं. डाव्या रेषेवर गोरोबा उभा होता. त्याच्या आतल्या अंगाची जागा मोकळी होती. आणि एवढा घोकलेला प्रश्न बाजूला राहून मनातून भलतंच निघून गेलं: सत्तारभाई राहतील का?

दगड फिरला. सावकाश, डावीकडं.

मागच्या माणसानं खांद्याला हात लावला तेव्हा अप्पा उठला. दुसरा प्रश्न विचारायची रीत नव्हती, आणि असती तरी त्याच्यात जीव उरला नव्हता.

घरी ओसरीवर टीम वाट बघत होती. काय झालं म्हणून विचारल्यावर अप्पा म्हणाला, "डावीकडं." यात खोटं काही नव्हतं. गोरोबानं मान खाली घातली. वीरभद्रनं बूट पुसायला काढले. सत्तारभाईंनी बरं म्हणून विषय संपवला. आपण विचारलं ते वेगळंच होतं, हे अप्पाला तिथं सांगता येईना. एवढा मोठा बाप्या, चार लोकांत कसं सांगणार, की हवालदार जाणार म्हणून मला रडू येतंय?

रात्री ताट तसंच राहिलं. पार्वतम्मानं "एनायतु?" म्हणून विचारलं, आणि काय झालं ते त्यानं तिला सगळं सांगितलं. ती हसेल असं त्याला वाटलं होतं. ती हसली नाही. "त्या पोराला तुमी बसवलंय, देवीनं न्हाय," ती म्हणाली. "जावा, सांगून या."

सामन्याच्या सकाळी अप्पा लाईनीत गेला. सत्तारभाई खाटेवर बसून पायाला पट्टी बांधत होते. अप्पा दारातच उभा राहिला.

"म्या गोरोबाचं इचारलंच न्हाय," तो म्हणाला. "तुमचं इचारलं. ऱ्हाताल का म्हणून."

पट्टी बांधणारे हात थांबले. "क्या बोली माँ?"

"डावीकडं."

"सही बोली," सत्तारभाई म्हणाले, आणि खूप वेळ पट्टीचं टोक नुसतं बोटाला गुंडाळत राहिले. मग त्यांनी गोरोबाला निरोप धाडला, की तयार हो.

तो निर्णय चुकला होता, हे सांगायला अप्पाचं शास्त्र लागत नाही. खेळ तापायच्या आतच गोरोबाचा घोटा गेला. तेव्हा बदली खेळाडू घ्यायची सोय नव्हती. जखमी माणसाला कडेला उभं करायचं आणि उरलेल्या दहांनी खेळायचं. गोरोबा डाव्या रेषेवर एका पायावर उभा राहिला. लातूरनं एक गोल चढवला, मग आणखी एक. आणि एवढं होऊनही सत्तारभाईंच्या पायात चेंडू आला की ते उजवीकडं बघायचे आणि चेंडू डाव्या रेषेला द्यायचे. लोक ओरडले, शिव्या घातल्या, कडेला बसलेल्या वीरभद्रनं तर कपाळाला हात लावला. गोरोबा दर वेळी पाय ओढत चेंडूपर्यंत जायचा. एकदाच त्यानं तो बरोबर आत उचलला, सत्तारभाईंनी डोकं लावलं, आणि चेंडू खांबाला लागून परत आला. कप लातूरला गेला. अप्पा मात्र शेवटच्या शिट्टीपर्यंत डोळ्यांत पाणी आणून त्या दोघांकडं बघत होता, आणि खरं सांगायचं तर त्याला गोल किती झाले हे दुसऱ्या दिवशी विचारावं लागलं.

सत्तारभाई निघाले त्या दिवशी अप्पाही त्यांच्याबरोबर हैदराबादच्या गाडीत बसला. तुळजापूरपर्यंत सोडतो म्हणाला. तुळजापूरला गाडी बराच वेळ थांबायची. अप्पा उतरला, तसे सत्तारभाई खिडकीतून वाकून म्हणाले, की आता एक सवाल माझ्याकडून विचार. मी गेल्यावर टीम चालेल का?

अप्पा देवळाकडं गेला. या वेळी मन इकडं तिकडं गेलं नाही, प्रश्न जसाच्या तसा दगडापुढं ठेवला. दगडानं वेळ लावला नाही. डावीकडं फिरला.

पायऱ्या चढून वर येईतो अप्पाला धाप लागली. गाडी सुरू झाली होती. सत्तारभाई खिडकीत वाट बघत होते. देवीच्या दारात उभं राहून अप्पा आयुष्यात कधी खोटं बोलला नव्हता.

"उजवीकडं," तो म्हणाला.

सत्तारभाईंनी त्याच्याकडं पाहिलं. घोटा दुखत नाही म्हणणाऱ्या गोरोबाकडं पाहिलं होतं, तसंच पाहिलं. "अच्छा," ते म्हणाले. "फिर फिकर नै." आणि गाडी नळदुर्गाच्या रस्त्याला लागली.

त्यानंतर घोटा भरून येईपर्यंत गोरोबा तेरलाच राहिला. तो परत आला त्या रविवारी अप्पा तेलाची बाटली घेऊन मैदानावर गेला. लाईनीतले बरेच शिपाई बदलून गेले होते, वीरभद्रही आला नाही. जी सहा-सात माणसं जमली, त्यांत गोलकीपर नव्हता. अप्पानं धोतर खोचलं आणि स्वतः गोलात जाऊन उभा राहिला. देवीच्या नावावर जे सांगून बसला होता, ते खरं करून दाखवणं आता त्याच्याच अंगावर आलं होतं.

खेळ सुरू झाला. गोरोबा सवयीनं डाव्या रेषेवर उभा होता. तो आतल्या अंगाला बघत होता, जिथून पास यायचा तिथं. तिथं कुणी नव्हतं, आणि तरी तो बघत होता.

अप्पाला ते सहन होईना. त्यानं गोल तसाच उघडा टाकला, धापा टाकत अर्धं मैदान ओलांडलं आणि लेफ्ट इनच्या जागेवर जाऊन उभा राहिला. चेंडू त्याच्याकडं आला. अप्पानं आधी उजवीकडं पाहिलं, मग सगळा जीव एकवटून डावीकडं लाथ मारली. चेंडू रेषेपासून कुठल्या कुठं, थेट बाभळींकडं गेला.

गोरोबा त्याच्यामागं जीव तोडून पळाला, पास बरोबर आला असल्यासारखा.