कासमचा सहा किलोचा अँप्लिफायर

उमापूरच्या दूध सोसायटीचा पिकअप त्या दुष्काळात बीडला जाताना निम्मा रिकामाच असायचा. जनावरं छावणीत, चारा मोजका, दूध आटलेलं. कॅन भरणार कुठून? म्हणून तर त्या मंगळवारी कॅनांच्या शेजारी कासमची स्टील गिटार ऐसपैस मावली. पुढं ड्रायव्हरशेजारी बद्रीनाथ, सोसायटीत दूध मापून घेणारा, कासमचा लहानपणापासूनचा दोस्त. आणि खिडकीशी कासम, तोंड पाडून.

कासम ट्रॅक्टरचा मिस्त्री, पण चार गावांत त्याला ओळखायचे ते गिटारीवरून. चार पायांवर उभी असती ती. समोर घेऊन बसायचं, तारांवर पोलादी कांडी फिरवायची आणि खाली पायानं पेडल दाबून सूर आणि आवाज कमी-जास्त करायचा. पेडलसुद्धा त्यानं स्वतःच बसवलेले, लुनाच्या ब्रेकवायरी ओढून. पंचवीस वर्षं लग्नाच्या ऑर्केस्ट्रात वाजवलं बहाद्दरानं. मागच्या साली जुना अँप्लिफायर, पस्तीस किलोचं धूड, टेम्पोतून एकट्यानं उतरवायला गेला आणि मणक्यातली गादी सरकली. ऑपरेशन झालं. डॉक्टरनं बजावलं, सहा-सात किलोच्या वर काही उचललं तर पुन्हा खाटेवर.

तेव्हापासून गिटार गोधडीखाली. अँपशिवाय ती म्हणजे नुसती फळी. जवळ बसलेल्यालाही धड ऐकू येत नाही. अँप दुसऱ्यानं उचलून द्यावा म्हणाल, तर रोज उठून कुणाच्या पाया पडायचं? हा गडी पाणी मागायलाही लाजणारा. शेवटी वैतागून त्यानं माजलगावच्या गहिनीनाथला, एका नव्या बँड पार्टीच्या मालकाला, शब्द देऊन टाकला: मंगळवारी मला पेलणारा अँप मिळाला तर ठीक, न्हाई तर गिटार तुझी. हे ऐकून बायको गौसिया दोन दिवस त्याच्याशी बोलली नाही. निघताना एवढंच म्हणाली, "जाव. पर खाली हाथ आए तो मेरे सामने रोना नै."

बीडात मुनव्वरभाईंचं वाद्यांचं दुकान. भाई माणूस गोड, पण गिऱ्हाईक सगळं कॉलेजातलं. त्यांनी आधी मोठा अँप काढला. कासमनं गिटार जोडली, बटण फुल्ल केलं, कांडी ठेवली आणि तार छेडली. काय आवाज! दुकानातला नोकरसुद्धा झाडू धरून उभा राहिला. कासमनं मूठ धरून अँप उचलायला बघितला आणि कळ थेट टाचेपर्यंत गेली.

"अठरा किलो," मुनव्वरभाई म्हणाले.

"ठेवा मग आत," कासम म्हणाला.

मग आला छोटा. सहा किलोचा, बॅटरीवर चालणारा, म्हणजे लाइट गेली तरी फिकीर नाही. कासमनं तो एका हातानं अलगद उचलला आणि त्याचा चेहरा उजळला. बटण फुल्ल केलं, तार छेडली. चर्रर्र! पत्रा फाटल्यासारखा आवाज.

"चच्चा, पोरं तर असलाच आवाज मागतात आजकाल," मुनव्वरभाईंनी समजूत घातली.

"मागू द्या. मी न्हाई मागत."

दुसऱ्या कंपनीचा छोटा आणला. बटण फुल्ल, चर्रर्र. तिसरा आणला. त्याचीही तीच गत. धरलं तर चावतंय, सोडलं तर पळतंय! उचलवतो तो फाटतोय आणि फाटत नाही तो उचलवत नाही. कासमनं कांडी रुमालात गुंडाळली. "चल बद्री. गहिनीनाथला फोन लाव. मिटलं सगळं."

बद्रीनाथ इतका वेळ स्टुलावर बसून बघत होता. सूर कशाशी खातात हे त्याला ठाऊक नव्हतं. पण तो म्हणाला, "कासम, तू बटण पहिल्यांदाच एवढं कावून पिळतो बे?"

"पिळतो म्हंजे? बटण फुल्लच ठेवायचं असतं. शेजारी ढोल, ट्रम्पेट, कोण ऐकणार मला?"

"इथं कुठं हाय ढोल?"

कासमनं दुकानभर नजर फिरवली.

"हे बघ," बद्रीनाथ म्हणाला, "बाया घाईत धाडकन दूध ओतत्यात, तवा मापात निम्मा फेस येतो. आमी काय करतो? जरा थांबतो, फेस बसला की माप घेतो. तू मघापासून फेसच मापायलाय."

"गिटारीतलं तुला काय कळतंय रे?"

"गिटारीतलं न्हाई कळत. फेसातलं कळतंय." असं म्हणून त्यानं पहिला छोटा अँप जमिनीवरून उचलून खुर्चीवर ठेवला आणि बटण निम्म्यावर आणलं. "वाजव आता. न्हाई जमलं तर मीच लावतो फोन."

कासमनं नाखुशीनंच कांडी बाहेर काढली. तार छेडली, आवाज उतरायला लागला तसा पायानं हळूच वर घेतला. सूर लांबला, स्वच्छ, कुठंही न फाटता, दुकानाच्या दारापर्यंत. त्यानं पुन्हा छेडली. मग दोन तारा एकदम. मग पेडल दाबून एक सूर दुसऱ्यात वितळवला.

पंचवीस वर्षं ढोलाच्या बाजूला बसून काढली होती. आपला आवाज असा एकटा, निवांत, त्यानं कधी ऐकलाच नव्हता.

"बद्री," तो म्हणाला, "ह्यो मीच वाजवायलोय का बे?"

"न्हाई, मुनव्वरभाई वाजवायलेत," बद्रीनाथ म्हणाला आणि तोंड फिरवून डोळे पुसायला लागला. कासम तर उघड उघड रडत होता. छातीवरचा धोंडा उतरला, म्हणतात ना, तसं झालं होतं त्याला.

पैसे मोजून झाल्यावर गिटार नोकरानं पिकअपमध्ये ठेवली. अँपला बद्रीनाथ हात लावायला गेला तर कासम खेकसला, "हात लावू नको!" आणि अँप उजव्या हातात घेऊन तो निघाला. पायऱ्या उतरला. पिकअपपाशी आला आणि तसाच पुढं गेला. रसवंती ओलांडली, पंक्चरचं दुकान ओलांडलं.

"अरे गाडी हिकडं हाय!" बद्रीनाथ ओरडला.

"दिसतीय मला! जरा चालू दे की!"

कोपऱ्यावर तो थांबला. कंबर चाचपून बघितली, कळ नव्हती. अँप खाली न ठेवताच त्यानं डाव्या हातानं फोन लावला.

"गहिनीनाथ, कासम बोलतोय. गिटार न्हाई मिळायची तुला." पलीकडून 'का' म्हणून विचारणं झालं असावं. "कावून म्हंजे? अरे, मला वाजवायचीय!"