दोन्ही कानांनी खेळलेली फायनल

स्पर्धा सुरू व्हायच्या आधीच मला बक्षीस लागलं होतं, आणि भांडणाला तिथूनच सुरुवात झाली.

कोपरखैरण्यातल्या आमच्या विहारात दरवर्षी जयंतीला निबंध, वक्तृत्व, कॅरम असं सगळं असतं. यंदा पोरांनी हट्टाने व्हिडिओ गेमची स्पर्धा घ्यायला लावली. मारामारीचा गेम, आणि आसपासच्या सोसायट्यांनाही खुला. मी नाव दिलं तेव्हा समितीचे अध्यक्ष सिताराम काका इतके गहिवरले, की लगेच वाशीला जाऊन माझ्यासाठी ‘विशेष प्रेरणा पुरस्कार’ करायला टाकून आले.

मला जन्मापासून दिसत नाही. पण म्हणून मी कुणाची प्रेरणा वगैरे नाही. मी बँकेत नोकरी करते, शेजारच्या बायकांशी पाण्यावरून भांडते आणि हा गेम कॉलेजपासून खेळते. काकांना मी सरळ सांगितलं, मला ती ट्रॉफी नको.

“अगं मैत्री, प्रेमाने देतोय,” काका म्हणाले.

“मी जिंकले तर नाही ना देणार?”

“जिंकलीस तर विजेत्याची घे. मग ही कशाला?”

म्हणजे हरले, की स्टेजवर उभं राहून प्रेरणा व्हायचं. मी जिंकायचं ठरवलं.

आधीच्या फेऱ्या विहाराच्या वाचनालयात झाल्या. समोर टीव्ही, त्याच्या दोन बाजूंना दोन छोटे स्पीकर. लोकांना वाटतं मी अंदाजाने बटणं दाबते. तसं नाही. या गेममध्ये प्रत्येक हालचालीला तिचा आवाज आहे. समोरचा डावीकडे गेला की त्याची पावलं डाव्या कानाला लागतात. उडी मारली की कपडे फडफडतात. जोराची लाथ यायच्या आधी तो एक दबका श्वास घेतो. हे आवाज ज्याने कुणी बसवले त्याला मी मनातल्या मनात कितीदा तरी जय भीम केलाय. त्या आवाजांच्या जोरावर मी आमच्या सेक्टरमधले सगळे शहाणे घरी पाठवले आणि फायनलला पोचले. समोर होता पलीकडच्या सोसायटीतला केयूर, इंजिनीअरिंगचा पोरगा, हाताने फार चपळ.

फायनल मात्र संध्याकाळी मैदानात, मोठ्या स्टेजवर. मोठा पडदा आणि दोन्ही बाजूंना माणसाएवढे स्पीकर. पहिल्या रांगेत आई बसली होती, घरी रोज माझा गेम ऐकणारी. आजूबाजूला सगळ्या तिच्या ओळखीच्या बायका.

पहिला डाव सुरू झाला आणि मी आंधळी झाले. दुसरा शब्द नाही माझ्याकडे. पावलं ऐकू येत होती, पण ती कुठून येतायत ते कळेना. सगळा आवाज मधोमध येऊन गोळा झालेला. मी उजवीकडे ठोसा मारला तर केयूर डावीकडे. त्याने मला चोपून काढलं. आणि सगळ्यात वाईट म्हणजे लोकांनी माझ्यासाठी टाळ्या वाजवल्या. पडलेल्या लहान पोराला उठवताना वाजवतात तशा.

काका जवळ आले. “बास, बेटा. इथवर आलीस हेच खूप. आता आपण—”

“नंदूदादाला बोलवा,” मी म्हटलं.

नंदकिशोर आमच्या जयंतीचा साउंडवाला. मी विचारलं, “दोन्ही स्पीकरला एकच आवाज सोडलायस का?”

“मग!” तो खूश होऊन म्हणाला. “गेल्या वर्षी डाव्या बाजूच्या बायकांनी डोकं खाल्लं, गाण्यातली ढोलकी आमाला ऐकूच येत नाय. यंदा दोन्हीकडे सगळं सेम टू सेम. कोनाची कंप्लेंट नको.”

त्याच्यावर चिडताही येईना. सगळ्यांना सारखं द्यायला गेला होता बिचारा.

“मला हेडफोन लागेल. आणि डाव पहिल्यापासून,” मी म्हटलं.

केयूर आडवा आला. “सॉरी ताई, पण हे फेअर नाय. तुमाला एकटीलाच हेडफोन का? तुमाला क्लिअर ऐकू येनार आनि मी या गोंगाटात?”

खालून कोणीतरी ओरडलं, “लाज वाटत नाय काय रे? लावू दे की तिला.” मला त्या माणसाचाच राग आला. केयूरचं म्हणणं बरोबर होतं.

“दोघांना दे, नंदूदादा,” मी म्हटलं. “सारखे हेडफोन, आवाज सारखा. डावं ते डाव्या कानात, उजवं ते उजव्या.”

“आनि पैला डाव?” केयूरने विचारलं.

“तो तू जिंकलास, पण कसा ते तुलाही माहितेय. तुझा पडदा अर्धा झाकून खेळवलं असतं तर चाललं असतं?”

त्याने खुर्ची पुढे ओढली. मग म्हणाला, “नाय. पैल्यापासून खेळू.”

नंदूने दोन हेडफोन जोडले. ते कानावर चढले आणि मैदान परत जागेवर आलं. पहिला डाव मी असा जिंकला, की केयूरच्या तोंडून शिवी निघाली. दुसऱ्या डावात काहीतरी बदललं. मी लाथेसाठी श्वास घेतला, की तो आधीच मागे सरकलेला असायचा. माझ्या लक्षात आलं, पोरगा ऐकायला लागलाय. घरी हा गाणी लावून, गेमचा आवाज बंद करून खेळत असणार. आज पहिल्यांदा त्याला कान मिळाले होते, आणि ते मीच मागून दिले होते. डोळे त्याचे होतेच. दुसरा डाव त्याने घेतला.

तिसऱ्यात दोघांचाही जीव संपत आला होता. मी एक मोठी लाथ टाकली. त्याने ती अडवली, आणि वरून ठोसा घातला. मी हरले.

केयूर खुर्चीवरून उठला आणि स्टेजवर नाचायला लागला. खरोखर नाचला, फळ्या हलत होत्या. मी हेडफोन काढले, तर खाली एकदम शांतता. काका दबक्या आवाजात म्हणाले, “अरे, तिच्यासमोर काय नाचतोस?”

“नाचू द्या,” मी म्हटलं. राग तर खूप आला होता, पण आतून छाती फुगली होती. मला हरवल्यावर आजवर कोणी असं नाचलं नव्हतं. सगळे सॉरी म्हणायचे.

काकांनी माईक घेतला. त्यांच्या दुसऱ्या हातात ती प्रेरणेची ट्रॉफी होती; प्लॅस्टिकची पिशवी चुरचुरत होती. “आणि आता एक विशेष प्रेरणा—”

“काका, प्रेरना कसली?” केयूर धापा टाकत म्हणाला. “अंगठे सुजले माझे. मानूस मारून टाकतात या ताई.”

लोक हसले. काकाही हसले. पिशवी टेबलाखाली सरकली, आणि ते नेहमीच्या खणखणीत आवाजात म्हणाले, “उपविजेती, मैत्री कांबळे.” पुढे-मागे काही जोडलं नाही.

ट्रॉफी घेऊन मी खाली उतरले, तर एक बाई आईला सांगत होती, “सुंदराबाई, दिसत नसून केवढी खेळली हो पोर. त्यातच समाधान माना.”

“कशाचं समाधान?” आई म्हणाली. “हातातली म्याच घालवली तिनं. शेवटाला लाथ कशाला मारायची? त्याला श्वास ऐकू येत व्हता की.”

मी तिच्या शेजारी बसले आणि म्हटलं, “घाई झाली गं.”

“मंग काय तर,” आई म्हणाली.